लय जुळली की गोल होतो

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मैदान येतं. आज मात्र बोलायचं आहे ते बर्फावरच्या हॉकीबद्दल. कॅनडा-अमेरिकेत ही हॉकी 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद बर्फावर खेळतात. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, आणि पायांत स्केट्स. आघाडीला तीन खेळाडू असतात. या तिकडीला तिथे ‘लाइन’ म्हणतात. पाऊण मिनिटभर जीव तोडून खेळायचं, की बाहेर. लगेच दुसरी लाइन आत.

आता तुम्ही म्हणाल, सर्वांत वेगवान तिघांना एकत्र आणलं की झालं! पण तसं होत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीची निळी रेघ चकतीच्या आधी ओलांडली, तर तो ऑफसाइड. चकती आणणारा सावकाश आणि जोडीदार सुसाट असेल, तर जोडीदाराला रेघेपाशी थांबावं लागतं. कमावलेला वेग तिथेच वाया जातो. उलट, चकती घेऊन एकटाच पुढे गेलेला वेगवान खेळाडू बचावपटूंच्या तावडीत सापडतो. पास द्यायला जवळ कोणीच नसतं.

व्हँकुव्हर कनक्स संघातल्या हेन्रिक आणि डॅनियल सेडिन या स्वीडिश जुळ्या भावांचंच पाहा. दोघेही वेगासाठी कधीच प्रसिद्ध नव्हते. पण गोलामागच्या कोपऱ्यांत ते चकती एकमेकांकडे अशी फिरवत राहायचे, की बचाव करणारे दमून जात. एकाने न बघता पास द्यावा आणि दुसरा तिथे हजर! तिथे गोलाला एक आणि गोलाच्या पासलाही एक गुण मिळतो. 2009-10 मध्ये हेन्रिक 112 गुणांसह, तर पुढच्या मोसमात डॅनियल 104 गुणांसह लीगमध्ये पहिला आला.

प्रश्न होता तिसऱ्याचा. 2005-06 मध्ये अॅन्सन कार्टर त्यांच्याबरोबर खेळला आणि त्याने 33 गोल केले. कारकिर्दीतली ही त्याची सर्वोत्तम कामगिरी. पुढच्या मोसमात तो व्हँकुव्हर सोडून गेला आणि दोन संघांकडून मिळून त्याचे गोल झाले अवघे 11. सगळाच फरक जोडीदारांमुळे पडला असं नव्हे. पण एका उन्हाळ्यात कोणी खेळ विसरतही नाही. पुढे ती जागा अॅलेक्स बरोज या खेळाडूने घेतली. तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत एकाही संघाने त्याला घेतलं नव्हतं. भावांनी चकती फिरवावी, याने अंगावर धक्के झेलत गोलासमोर जागा धरावी. 2009-10 मध्ये त्याने 35 गोल केले.

म्हणजे तिघे सारखे असायला हवेत असं नाही. कामं वेगवेगळी हवीत, पण लय एक हवी. संगीताच्या मैफलीत तबलजी गायकाच्या पुढे धावला तर त्याच्या तयारीचं कौतुक होत नाही, तसंच हे.

हा खेळ कधी पाहाल तेव्हा चकतीवरची नजर क्षणभर काढा आणि तिच्याशिवाय फिरणाऱ्या दोघांकडे पाहा. गोल कसा होणार, ते तिथे आधी दिसतं.