किल्ली कुणाच्या हातात दिलीत?

रत्नागिरीत अपघात भरपाईचे दावे चालवताना एक वाक्य सतत कानावर पडतं : 'घरचाच पोरगा हो, वकीलसाहेब. पावस गावापर्यंतच तर जायचं होतं.' मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, पुढे गणपतीला मुंबईकर. त्या गडबडीत लायसन कोण विचारतो? गावातल्या गावात चालतं, असा कायदा आपणच करून ठेवलाय.

खरा कायदा १९८८ चा, मोटार वाहन कायदा. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना गाडी चालवण्याचा दंड पाचशेवरून पाच हजारांवर गेला. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते कलम १८० : किल्ली देणाऱ्या मालकालाही तेवढीच शिक्षा. रत्नागिरीच्या मारुती मंदिर चौकात पोलिसांनी स्कूटर एकच अडवली तरी दंड दोघांना बसू शकतो.

पोरगा अल्पवयीन असला तर कलम १९९-अ. पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. 'न विचारता नेली' हे पालकाने सिद्ध करायचं. कोर्ट संमती गृहीत धरतं. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं खरं, पण ५० सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचं. दारातली अ‍ॅक्टिवा त्यात बसत नाही.

पण दंडाचं एवढं काय नाही. खरा फटका विम्यात. एका बागायतदाराने माझ्यापुढे फाईल ठेवली : आरसी, पीयूसी, पॉलिसी, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट. पिकअप चालवत होता बागेतला गडी, बिनालायसनचा. समोरच्या दुचाकीवाल्याचा पाय गेला. 'विमा आहे ना?' होता की. सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या स्वरणसिंग निकालानंतरची वाट अशी, की कंपनी जखमीला पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते. मालकाने जाणूनबुजून किंवा हयगयीने गाडी दिली, हे मात्र कंपनीने दाखवायचं. मी विचारलं, गड्याचं लायसन कधी पाहिलं होतंत?

'चांगला चालवतो म्हणून विचारलं नाही.'

कंपनीच्या वकिलाला याहून जास्त काही लागत नाही.

शिकाऊ परवान्याची परीक्षा २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या साहाय्याने घरबसल्या देता येते. तीस दिवसांनी पक्क्या लायसनची चाचणी. तोवर गाडीला 'एल'ची पाटी आणि शेजारी लायसनवाला माणूस हवाच, गाडी बागेतून रस्त्यापर्यंतच न्यायची असली तरी.