ज्यू उन्हाळी शिबिरे

ज्यू उन्हाळी शिबिरे : शालेय सुटीच्या काळात ज्यू मुलामुलींसाठी शहरापासून दूर, ग्रामीण वा वनमय परिसरात भरविण्यात येणारी निवासी शिबिरे. आरोग्यसंवर्धन व करमणूक हे त्यांचे प्रारंभीचे हेतू होते. पुढे धर्म, भाषा व सामुदायिक अस्मिता यांचे शिक्षण देणारी संस्था म्हणून त्यांना महत्त्व प्राप्त झाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व कॅनडात त्यांचा विशेष विकास झाला. महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाजात अशा शिबिरांची दीर्घ परंपरा नाही; तथापि ग्रामीण भूमीशी निगडित असलेल्या त्याच्या यात्रा व स्मृती या संदर्भात तुलनेसाठी उद्‌बोधक ठरतात.

उगम : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औद्योगिक शहरांतील दाट व अनारोग्यकारक वस्त्यांमधील मुलांना काही आठवडे मोकळ्या हवेत ठेवण्याची चळवळ यूरोप-अमेरिकेत सुरू झाली. पोलंडमध्ये वॉर्सातील गरीब मुलांसाठी अशी ग्रामीण शिबिरे चालत. बालशिक्षणतज्ञ व लेखक यानुश कोरचाक याने १९०४ व १९०७ मध्ये मिखाउव्का येथील ज्यू मुलांच्या शिबिरात पालक-शिक्षक म्हणून काम केले. तेथील अनुभवांवर त्याने लिहिलेले पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांनी स्वतःचे नियम करणे, आपसांतील तंटे स्वतःच सोडविणे इ. ज्या पद्धती त्याने पुढे आपल्या अनाथालयात रुजविल्या, त्यांची बीजे या शिबिरांत आढळतात. १९४२ मध्ये नाझींनी कोरचाक व त्याच्या अनाथालयातील मुले यांची त्रेब्लिंका येथे हत्या केली.

अमेरिकेत १८८१ ते १९२४ या काळात पूर्व यूरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू निर्वासित आले. त्यांतील बहुसंख्य न्यूयॉर्कसारख्या शहरांतील कोंदट चाळवजा इमारतींत राहू लागले. त्यांच्या मुलांसाठी समाजसेवी संस्थांनी शिबिरे काढली. न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग येथील ‘सरप्राइझ लेक कँप’ (स्थापना १९०२) हे त्यांपैकी एक जुने शिबिर होय. नवागतांच्या मुलांना अमेरिकन रीतिरिवाजांचे वळण लावणे, हाही या संस्थांचा एक उद्देश होता. अनेक खाजगी शिबिरांत व विश्रामस्थळी ज्यूंना प्रवेश नाकारला जात असल्याने सुस्थित ज्यू कुटुंबांनाही स्वतंत्र शिबिरांची गरज भासली.

प्रकार : पहिल्या महायुद्धानंतर शिबिरांचे स्वरूप पालटले. मुले अमेरिकन तर झाली. पण ती ज्यू राहतील काय, हा प्रश्न शिक्षणतज्ञांपुढे उभा राहिला. आठवड्यातून काही तास भरणाऱ्या धार्मिक वर्गापेक्षा आठ आठवड्यांचे सहजीवन अधिक परिणामकारक ठरेल, या विचारातून ‘सेज्विन’ (१९१९) व मेन राज्यातील ‘मोडिन’ (१९२२) ही शिबिरे निघाली. यिद्दिश भाषा व लोकसंस्कृती यांच्या जतनासाठी ‘बॉइबेरिक’ (१९२३) व कामगार चळवळीशी संबंधित ‘किंडर रिंग’ (१९२७) ही शिबिरे प्रसिद्ध होती. ‘बॉइबेरिक’ हे नाव शोलेम अलेक्खेम याच्या कथांतील गावावरून घेतलेले आहे. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या ‘मसाद’ या शिबिरात सर्व व्यवहार हिब्रू भाषेत चालत. बेसबॉलसारख्या खेळांसाठीही हिब्रू शब्द घडविण्यात आले. सनातनी व सुधारणावादी यांच्यामधील परंपरानिष्ठ (कॉन्झर्व्हेटिव्ह) पंथाचे पहिले ‘रामाह’ शिबिर १९४७ मध्ये, तर सुधारणावादी पंथाचे पहिले शिबिर १९५२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात सुरू झाले. झायोनवादी युवक-संघटनांच्या शिबिरांत शेतीकाम व किबुत्झच्या धर्तीवरील सामूहिक जीवन यांवर भर असे.

जीवनक्रम : पोहणे, नौकानयन, नाट्य, समूहगान, रात्रीची शेकोटी इ. कार्यक्रम या शिबिरांत इतरांप्रमाणेच असतात. त्यांचे वेगळेपण कालगणनेत दिसून येते. शुक्रवारी सायंकाळी सर्व कामे थांबतात, मुले शुभ्र वस्त्रे परिधान करून प्रार्थनेस जमतात व शनिवारी सूर्यास्तानंतर शब्बाथचे विसर्जन होते. ज्यूंचे बहुतेक प्रमुख सण उन्हाळी सुटीत येत नाहीत. म्हणून जेरूसलेममधील दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाचा स्मृतिदिन, आब महिन्याची नवमी, हा शिबिरातील सर्वांत गंभीर दिवस मानला जातो. त्या रात्री मुले जमिनीवर बसून मंद प्रकाशात विलापगीते ऐकतात.

दुसऱ्या महायुद्धातील ज्यूंच्या संहाराने पूर्व यूरोपातील ज्यू खेडी व त्यांची यिद्दिश संस्कृती नष्टप्राय झाली. त्यानंतर या शिबिरांवर लुप्त जगाचा वारसा पुढे नेण्याची जबाबदारी येऊन पडली. ज्यांनी ते जग पाहिलेले नव्हते, त्या मुलांना त्याची गाणी व भाषा शिकविली जाऊ लागली. शिबिर हे एक प्रकारे दोन महिन्यांपुरते वसविलेले ज्यू गाव ठरले. मात्र या गावाला स्थानिक मुळे नव्हती. आसपासच्या ग्रामस्थांशी त्याचा संबंध बेताचाच असे, आणि अनेक शिबिरांनी आपली नावे व विधी मूळच्या अमेरिकन इंडियन जमातींकडून उसने घेतले होते. माजी शिबिरार्थींच्या आठवणींत मैत्री व स्वातंत्र्य यांचे वर्णन प्राधान्याने येते. घराच्या ओढीने झालेली व्याकुळता आणि मोठ्यांनी आखून दिलेल्या ध्येयांना मुलांनी केलेला विरोध यांचा उल्लेख मात्र तुलनेने कमी आढळतो.

यिद्दिश भाषेचा ऱ्हास व वाढता खर्च यांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही शिबिरे बंद पडली. ‘बॉइबेरिक’ १९७९ मध्ये व ‘मसाद’ १९८१ मध्ये बंद झाले. ‘रामाह’सारख्या धार्मिक शिबिरांचा मात्र विस्तार होत गेला.

महाराष्ट्र : बेने इस्राएल समाजाचा इतिहास याच्या उलट दिशेने घडला. परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्यास लागले. कोकणातील खेड्यांतून तेलाच्या घाण्याचा व्यवसाय करणारे व शनिवारी काम न करणारे हे लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडली आहेत. अठराव्या शतकापासून ते मुंबईकडे स्थलांतर करू लागले आणि १७९६ मध्ये तेथे त्यांचे पहिले सिनॅगॉग उभे राहिले. शहरवासी झाल्यावरही गावाशी असलेले नाते सण, नवस व यात्रा यांमुळे टिकले.

अलिबागजवळील खंडाळा (घाटातील खंडाळ्याहून भिन्न) येथील खडकावरील खुणा एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या स्वर्गारोहणाच्या मानल्या जातात. या स्थानास ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात. तेथे कुटुंबे एकत्र जमून नवस फेडतात व गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करतात. अमेरिकेतील शिबिरात मुलांना जे हेतुपुरस्सर शिकवावे लागते, ते येथे आजी-आजोबांबरोबरच्या प्रवासात मराठीतून सहज घडत असे. विसाव्या शतकात ज्यू युवक-संघटनांच्या शाखा मुंबईत निघाल्या व त्यांच्याद्वारे आधुनिक युवककार्याची पद्धतही या समाजात आली.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इझ्राएलमध्ये स्थलांतरित झाला. कोकणातील अनेक गावांत आता एकही बेने इस्राएल कुटुंब उरलेले नाही. अलिबागची ‘इस्राएल आळी’ व काही सिनॅगॉग यांसारख्या खुणा शिल्लक आहेत. मलिद्याचा विधी मात्र इझ्राएलमध्येही चालू आहे. परदेशांत वाढलेल्या पिढीतील काही कुटुंबे कोकणातील आपल्या गावांना आवर्जून भेट देतात. अमेरिकेतील शिबिरांनी गमावलेल्या गावाची प्रतिकृती उभारली. बेने इस्राएल समाजाला मात्र खरे गाव लाभले होते व त्याच्या स्मृतीचे जतन आता आडनावे, मराठी बोली आणि यात्रा यांच्या द्वारे होत आहे.