अंड्याशिवायचा केक आणि आमची पाटी

मंडळी, गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात चिवडा-चकलीच्या शेजारी एक केक होता आणि त्यापुढे 'अंडं नाही' अशी पाटी होती. पाटी आमच्याच हातची. केक आणणाऱ्या वहिनींना विचारायचं सोडून आम्ही पिशवीतला तयार मिक्सचा खोका वाचला. साहित्यात अंडं दिसलं नाही, खुशाल पाटी लावली! खोक्यावरचं साहित्य आतल्या पिठाचं असतं, अंडी घरी घालायची असतात, हे रसायनशास्त्रातल्या डॉक्टरेटला सुचलं नाही. वहिनींनी कृतीप्रमाणे तीन घातली होती. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एका काकूंनी दोन तुकडे खाल्ले, मग बोलता बोलता खरं कळलं. काकू रागावल्या नाहीत. संक्रांतीला मात्र त्या घरून आपला डबा घेऊन आल्या.

तेव्हापासून आम्ही केकच्या मागे लागलो आहोत.

केकमध्ये अंडं मुख्यतः तीन कामं करतं: फेसातून हवा धरतं, भट्टीत घट्ट होऊन ती हवा कोंडून ठेवतं, आणि तेल-पाणी एकजीव करतं. एंजल फूड केक तर जवळजवळ डझनभर अंड्यांच्या पांढऱ्या बलकावरच उभा असतो. भांड्याला तूपही लावायचं नाही आणि उलटा टांगून थंड करायचा, नाहीतर बसतो. त्याची अंड्याशिवायची आवृत्ती शोधण्यात वेळ घालवू नये. पाउंड केकमध्ये मैदा, लोणी, साखर, अंडी प्रत्येकी एक पाउंड, म्हणजे तिथेही अंड्यांची रासच.

पण अंड्यावाचून अडलेले आपणच पहिले नव्हे. बर्मिंगहॅमचे रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडं सोसत नव्हतं, म्हणून त्यांनी १८३७ साली कॉर्नफ्लॉवरचं कस्टर्ड काढलं. तिला यीस्टही चालेना, म्हणून १८४३ मध्ये बेकिंग पावडर. आपल्याकडे फ्रूट कस्टर्ड बिनदिक्कत शाकाहारी पंगतीत बसतं, ते या गृहस्थांच्या कृपेने. (संशोधनाला बायकोची निकड असली की निकाल लवकर लागतात.)

इथल्या अमेरिकन घरांतही अंडं, दूध, लोणी यांतलं काहीच न लागणारा एक केक आहे: वॅकी केक. महामंदी आणि युद्धकाळातल्या रेशनशी त्याचं नाव जोडलं जातं. आठ इंची चौकोनी भांड्यातच दीड कप मैदा, एक कप साखर, तीन मोठे चमचे कोको, एक छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा मीठ मिसळा. तीन खळगे करा. एकात मोठा चमचाभर पांढरा व्हिनेगर, दुसऱ्यात पाच मोठे चमचे तेल, तिसऱ्यात छोटा चमचा व्हॅनिला. वरून कपभर पाणी ओता, ढवळा, आणि ३५० अंश फॅरनहाइटला तीसेक मिनिटं भाजा.

हा आपल्या ढोकळ्याचा चुलतभाऊच. आंबट आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून ढवळल्यावर फोनवर गप्पा मारत बसू नये, ओव्हन आधीच तापलेला हवा. हिशेब केला तर एवढा व्हिनेगर जेमतेम पाव चमचा सोड्याला पुरतो. उरलेल्यातला थोडा कोकोच्या आंबटपणात खपतो, बाकीचा उष्णतेने फुटतो. म्हणून कोको साधा घ्यावा, 'डच' पद्धतीचा नको, त्यातला आंबटपणा आधीच मारलेला असतो. कोको गाळून नुसता व्हॅनिला केक करायचा प्रयोग आम्ही केला. साबणाची चव आली. घरच्यांनी तो आमच्या डब्यात पाठवला.

सजावटीकडेही बघा. मार्शमेलोत बहुधा जिलेटिन असतं, ते गुराडुकरांच्या कातडी-हाडांचं. लाल रंगात 'कारमाइन' लिहिलं असेल तर तो किड्यांपासून काढलेला.

आम्ही वॅकी केक करून काकूंकडे नेला. त्यांनी प्रत्येक जिन्नस विचारला, व्हिनेगर कशाचा तेही विचारलं, आणि छोटा तुकडा घेतला. "जरा गोड कमी कर," म्हणाल्या.

पाडव्याला साखर पाऊण कप घालून दोन भांडी करणार आहोत. केक आणणाऱ्या इतरांनी घरात घातलेल्या सगळ्या जिनसांची चिठ्ठी ताटाला चिकटवावी. चिकटपट्टी आम्ही आणू. पाटी मात्र आता आम्ही लिहिणार नाही.