दोन निष्ठांमध्यें सांपडलेला सेनापति

संताजी आणि धनाजी हीं दोन नांवें महाराष्ट्रांत सहसा कोणी सुटीं उच्चारीत नाहीं. पाणी न पिणाऱ्या घोड्याला, 'तुला पाण्यांत संताजी-धनाजी दिसतात कीं काय', असें मोगल स्वार विचारीत, ही आख्यायिका आपण सर्वांनीं लहानपणींच ऐकलेली आहे. त्या आख्यायिकेंत दोघे एकाच पाण्यांत, एकाच वेळीं दिसतात. इतिहासांत मात्र अखेरीस ते एकमेकांच्या समोर शस्त्र घेऊन उभे राहिले, आणि त्यांपैकीं एकाचा अंत दुसऱ्यानें चालविलेल्या पाठलागांतून ओढवला. एकाच गादीचे दोन इमानी सेवक या थराला कसे आले, आणि मागें राहिलेल्याच्या आयुष्यावर त्या घटनेची छाया कशी पडली, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

ही कथा औंधच्या परिसराला परकी नाहीं. औंध म्हटलें कीं डोंगरावरची यमाई, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं उभारलेलें भवानी संग्रहालय आणि प्रतिनिधींचें जुनें संस्थान आपल्याला आठवतें. या गांवाच्या पलीकडे खटाव-माणचा कोरडा मुलूख पसरलेला आहे आणि त्यांतून शंभुमहादेवाची डोंगररांग गेली आहे. संताजी घोरपडे मारले गेले ते याच रांगेच्या आश्रयाला. शिवाय, औंधच्या घराण्याला भूषविणारी 'प्रतिनिधि' ही पदवी प्रथम जन्मास आली ती छत्रपति राजारामांच्या जिंजीच्या दरबारांत. आणि या दोन सेनानींची फाटाफूट झाली तीही त्याच दरबारांत.

आरंभ १६८९ सालापासून केला पाहिजे. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत संगमेश्वर येथें संभाजी महाराज पकडले गेले. त्या झटापटींत त्यांच्या रक्षणासाठीं लढतांना म्हाळोजी घोरपडे पडले. हे संताजींचे वडील. मार्चमध्यें महाराजांचा वध झाला. पुढें रायगड पडला, आणि महाराणी येसूबाई व बाळ शाहू बादशहाच्या कैदेंत गेलीं. राजाराम महाराज वेष पालटून शेंकडों मैल दूर असलेल्या जिंजीच्या किल्ल्यांत जाऊन राहिले आणि मोगलांनीं त्या किल्ल्याला वेढा घातला. राजा तिकडे, रयत इकडे, खजिना कोठेंच नाहीं, अशी राज्याची अवस्था झाली. ती सांवरली रामचंद्रपंत अमात्य, शंकराजी नारायण, परशुराम त्र्यंबक या मुत्सद्द्यांनीं आणि संताजी-धनाजी या सेनानींनीं.

संताजी कापशीकर घोरपड्यांचे मूळ पुरुष. धनाजी सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या कुळांतले, म्हणजे जिजाबाईंच्या माहेरचे. दोघांचीही तरवार शिवछत्रपतींच्या काळापासून तापलेली. १६९० च्या मे महिन्यांत साताऱ्याजवळ रुस्तुमखान हा मोगल सरदार कुटुंबकबिल्यासह कैद झाला; त्या विजयांत हे दोघेही होते. १६९२ च्या डिसेंबरांत दोघे कर्नाटकांत उतरले. संताजींनीं कांचीचा फौजदार अलीमर्दानखान पकडला आणि धनाजींनीं जिंजीच्या वेढ्यावरच छापा घालून इस्माईलखान मका यास कैद केलें. मैत्री हा शब्द मी येथें जपून वापरतों. परंतु एकाच मोहिमेंत एकमेकांच्या भरंवशावर घोडा पुढें घालणाऱ्या माणसांत जो संबंध जडतो, त्याला दुसरें नांव देणेंही कठीण आहे.

मग बिघडलें कोठें? नेहमींचें उत्तर असें कीं दोघांत मत्सर होता. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. संताजी शिस्तीचे अतिशय कडक. त्यांच्या हातून सुटलेला मोगल सरदार विरळा, असें मोगल बखरकार खाफीखानच कबूल करतो. आणि थोड्याशा अपराधासाठीं ते माणसाला हत्तीच्या पायीं देत, असेंही तोच लिहितो. धनाजींचा स्वभाव सौम्य. माणसें राखून, दरबार सांभाळून चालण्याचा. असे दोन स्वभाव समर्थ राजाच्या हाताखालीं परस्परांना पूरक ठरतात. पण जिंजीचा राजा वेढ्यांत अडकलेला होता. सरदारानें आपली फौज आपण उभी करावी, मुलूख मारून तिचें पोट भरावें आणि मोबदल्यांत वतन किंवा सरंजाम मागावा, अशी रीत पडत चालली होती. त्यामुळें प्रत्येक सेनानीचें इमान तीन ठिकाणीं वांटलें गेलें: एक गादीशीं, दुसरें स्वतःच्या पथकाशीं आणि तिसरें बरोबरीच्या सोबत्याशीं. तिन्ही एका दिशेनें ओढीत होतीं तोंवर विजय मिळाले. त्यांच्या दिशा बदलल्या तेव्हां माणसें फाटलीं.

१६९१ सालीं संताजींना सेनापतिपद मिळालें होतें. १६९३ मध्यें राजाराम महाराजांशीं त्यांचा खटका उडाला, कांहीं काळ तें पद धनाजींकडे गेलें आणि पुन्हां संताजींकडे आलें. अपमानाची ही गांठ मनांत असतांनाच त्यांनीं आपले सर्वांत मोठे पराक्रम केले. १६९५ च्या नोव्हेंबरांत चित्रदुर्गाजवळ दोड्डेरीच्या गढींत त्यांनीं कासीमखानाच्या सैन्याला उपाशी कोंडून शरण आणलें. खानाचा तेथेंच अंत झाला. पुढें दोनच महिन्यांनीं, १६९६ च्या जानेवारींत, बसवापट्टणजवळ हिंमतखान बहादुर त्यांच्याशीं लढतांना पडला. हे विजय घेऊन ते जिंजीला गेले, तेव्हां गौरवाची अपेक्षा असणें स्वाभाविक होतें. दरबारांत मात्र त्यांच्या उग्रपणाची धास्ती भरली होती.

१६९६ च्या उन्हाळ्यांत वृद्धाचलमच्या बाजूस अघटित घडलें. राजाराम महाराज आणि धनाजी एका बाजूस, संताजी दुसऱ्या बाजूस, अशी लढाई झाली. संताजींचा जय झाला, धनाजी निसटले आणि धनाजींच्या बाजूचे अमृतराव निंबाळकर पकडले जाऊन त्यांना हत्तीच्या पायीं देण्यांत आलें. पुढची हकीकत मोगल छावणींत वावरलेल्या भीमसेन सक्सेनानें लिहून ठेवली आहे. प्रत्यक्ष राजाच संताजींच्या हातीं सांपडला होता. दुसऱ्या दिवशीं संताजी स्वतःचे हात बांधून घेऊन त्याच्या समोर उभे राहिले. आपण पूर्वींसारखेच सेवक आहोंत. धनाजीला आपल्या बरोबरीस बसविलें एवढ्याचाच राग होता, अशा आशयाचें बोलून त्यांनीं महाराजांना मोकळें केलें.

हा प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. लढाई जिंकणारा हरलेल्यापुढें बांधल्या हातांनीं उभा राहतो. या माणसाला गादी नको होती. त्याला त्या गादीपाशीं आपला मान हवा होता. आतां धनाजींच्या जागीं उभे राहून पाहा. राजाची आज्ञा मोडावी तर गादीशीं बेइमानी. आज्ञा पाळावी तर ज्याच्या खांद्याला खांदा लावून राज्य वांचविलें त्याच्यावर तरवार उपसावयाची. त्यांत आज्ञा पाळण्यांत स्वतःचा लाभही होता, कारण सेनापतिपद आपल्याकडेच येणार होतें. कर्तव्य आणि लाभ एकाच वाटेनें चालूं लागले म्हणजे माणसाला स्वतःच्या हेतूची खात्री पटवून घेणें सर्वांत अवघड जातें.

१६९६ च्या अखेरीस सेनापतिपद धनाजींना मिळालें आणि दुसऱ्या वर्षीं ते संताजींच्या पाठीवर निघाले. निर्णय रणांगणावर झालाच नाहीं. कडक शिस्तीला कंटाळलेली संताजींचींच माणसें त्यांना सोडून धनाजींना मिळालीं. थोड्या लोकांनिशीं संताजी माणदेशांत शिरले. तेथें म्हसवडचे नागोजी माने होते. कधीं छत्रपतींची तर कधीं बादशहाची चाकरी करणारे हे देशमुख. आणि हत्तीच्या पायीं गेलेले अमृतराव हे त्यांच्या पत्नीचे सख्खे भाऊ. १६९७ च्या जूनमध्यें शंभुमहादेवाच्या डोंगरांत, कारखेलच्या बाजूस, थकलेले संताजी एका ओढ्यावर स्नान करीत असतां त्यांना गांठून मारण्यांत आलें. त्यांचें मस्तक बादशहाकडे पोहोंचलें आणि मोगल छावणींत आनंद झाला.

त्या काळचे कागद महालांचे, फौजांचे आणि वतनांचे हिशेब ठेवीत. सरदारांचे अश्रु त्यांत लिहिले जात नसत. इंग्लंडांत अशाच यादवीच्या वेळीं, १६४३ सालीं, विल्यम वॉलर या पार्लमेंटच्या सेनानीनें राजाच्या पक्षांतल्या राल्फ हॉप्टन या आपल्या जुन्या मित्राला एक पत्र लिहिलें. आपला स्नेह अभंग आहे, पण ज्या पक्षासाठीं उभा आहें त्याच्याशीं प्रतारणा करवत नाहीं, असा त्याचा आशय होता. थोड्याच दिवसांनीं दोघे रणांगणांत समोरासमोर आले. तें पत्र टिकलें म्हणून त्यांचें दुःख आज आपल्याला वाचतां येतें. मराठ्यांच्या सेनापतींचें दुःख त्यांच्या वागणुकींतूनच वाचावें लागतें.

आपल्याकडे अशा शोकाचें चित्र महाभारतानें काढून ठेवलें आहे. औंधच्या बाळासाहेबांच्या औदार्यामुळें ज्या ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीला पुण्याच्या भांडारकर संस्थेंत १९१९ सालीं आरंभ झाला, त्याच या ग्रंथांत कर्ण शत्रु म्हणून मारला जातो आणि तिलांजलीच्या वेळीं तो आपला ज्येष्ठ बंधु होता असें युधिष्ठिराला कळतें. त्यानंतर मिळालेलें राज्य त्याला गोड लागत नाहीं. धनाजींच्या बाबतींत तर कळावयाचें कांहीं राहिलेंच नव्हतें. ज्याचा पाठलाग केला तो कोण, हें त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतें.

पुढचीं दहा वर्षें धनाजी मोगलांशीं झुंजत राहिले. १६९८ च्या आरंभीं जिंजी पडली, १७०० सालीं राजाराम महाराज वारले आणि राज्याचा भार ताराबाईंनीं उचलला. १७०६ मध्यें धनाजींनीं गुजराथेंत रतनपुराजवळ मोगल फौजेचा मोड केला. संताजींच्या घराण्यानेंही मोगलांविरुद्धची तरवार म्यान केली नाहीं. असे दिवस चालले असतांना १७०७ सालीं औरंगजेब मेला, शाहू महाराज सुटून आले आणि धनाजींपुढें जुनाच प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला. आलेला माणूस तोतया आहे, असें ताराबाईंचें म्हणणें होतें. त्यांनीं सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथा घेतल्या आणि धनाजी व परशुराम त्र्यंबक प्रतिनिधि यांना फौजेसह धाडलें. १२ ऑक्टोबर १७०७ रोजीं भीमेच्या कांठीं खेडला दोन्ही बाजू भिडल्या. आलेले शाहू खरे आहेत अशी खात्री पटल्यावर धनाजींनीं त्यांच्यावर तरवार चालविली नाहीं. ते त्यांच्या बाजूस गेले. परशुरामपंत मात्र शपथेला धरून लढले आणि मोड झाल्यावर साताऱ्यास परतले. सातारा शाहूंच्या हातीं येतांच ते कैदेंत पडले.

वाऱ्याची दिशा पाहून धनाजींनीं पाठ फिरविली, असें म्हणणारे आहेत. तसें म्हणण्यास जागाही आहे. परंतु १६९७ आणि १७०७ हीं दोन सालें शेजारीं ठेवलीं म्हणजे मला निराळें दिसतें. पहिल्या वेळीं त्यांनीं आज्ञा पाळली, तिची किंमत संताजींच्या मस्तकानें चुकती झाली, आणि त्यांत लाभ झाला तो बादशहाचा. दुसऱ्या वेळीं, आपलाच राजपुत्र आपल्याच हातून पडण्याचा प्रसंग आला, तेव्हां त्यांनीं शपथ मोडण्याचा दोष पत्करला. हा माझा तर्क आहे. पण ज्याच्या पदरीं पूर्वींचा एक मृत्यु जमा आहे, तो दुसऱ्याला भितो, हा मनुष्यस्वभाव आहे. पुढल्याच वर्षीं, १७०८ मध्यें, वारणेकांठीं वडगांवास धनाजी निवर्तले.

परशुरामपंतांनाही शपथ पाळल्याचें सुख लाभलें नाहीं. शाहूंनीं त्यांना सोडून पुन्हां जवळ केलें, तोंच त्यांचा पुत्र कृष्णाजी विशाळगडावर जाऊन कोल्हापूरच्या पक्षाला मिळाला. संतापलेल्या शाहूंच्या हातून पंतांच्या जिवावर बेतलें होतें. खंडो बल्लाळ मध्यें पडले म्हणून ते वांचले. एका घरांतून दोन प्रतिनिधि झाले: विशाळगडचे कोल्हापूरकडे, आणि पुढें औंधास नांदलेले साताऱ्याकडे. निष्ठा दुभंगली कीं ती फौजेंतच थांबत नाहीं, देवघरापर्यंत येते.

दुरावलेल्या मित्राचा मृत्यु हें मोठें अवघड दुःख असतें. त्याला सुतक नाहीं, समाचाराला कोणी येत नाहीं, आणि रडावें तर आपल्याच पक्षाचे लोक संशयानें पाहतात. भांडण मिटविण्याची वेळ निघून गेलेली असते, आणि आपली बाजू खरी होती हें सिद्ध झालें तरी तें ऐकावयास समोरचा उरलेला नसतो. धनाजींना हें दुःख उघड्यावर मांडण्याची सोय नव्हती. त्यांच्या पश्चात् लोकांनीं मात्र एक गोष्ट केली. कोण चुकला याचा निवाडा त्यांनीं इतिहासकारांवर सोंपविला, आणि स्वतः तीं दोन नांवें एकत्रच म्हणत राहिले.