बटाटे घातलेली चिली: आंबट सगळ्यात शेवटी

अमेरिकेत थंडी पडायला लागली की घरोघरी चिलीचं पातेलं शेगडीवर चढतं. ही चिली म्हणजे खिमा किंवा मांसाचे बारीक तुकडे, सुक्या लाल मिरच्या, जिरं आणि लसूण यांचा मंद आचेवर तास-दोन तास शिजलेला दाट रस्सा. बहुतेक घरांत त्यात राजमा आणि टोमॅटोही पडतो. बटाटा घातला की वाडगाभर चिलीत पूर्ण जेवण होतं, बरोबर दुसरं काही रांधावं लागत नाही.

हिचं माहेर टेक्सास. सॅन अँटोनियो शहराच्या चौकांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मेक्सिकन वंशाच्या बायका संध्याकाळी मेजं मांडून कंदिलाच्या उजेडात चिली विकत. लोक त्यांना ‘चिली क्वीन्स’ म्हणत. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनियोच्या चिलीचा स्टॉल लागला आणि दूरदूरच्या लोकांना तिची चव कळली. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस आरोग्य खात्याच्या नियमांमुळे चौकांतली मेजं उठली, पण तोवर चिली घराघरांत पोचली होती. १९७७ मध्ये टेक्सासने तिला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं.

टेक्सासचे जुने खवय्ये राजमा घातलेल्या चिलीला चिली मानत नाहीत. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या आवडीच्या चिलीची कृती मागणारी पत्रं इतकी येत, की त्यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांनी ती कार्डावर छापून घेतली होती. त्या कृतीतही राजमा नाही. बटाट्याला तर ही मंडळी नाकच मुरडतील. पण शेजारच्या न्यू मेक्सिकोत भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि डुकराचं मांस घालून जो रस्सा करतात, त्यात बटाटा नेहमीचा. मला तो घरच्या चिलीत हवाच वाटतो. बटाटा तिखट शोषून घेतो, रस्सा दाट करतो आणि थोड्या खिम्यात जास्त माणसं जेवतात.

कृती अवघड नाही, क्रम मात्र सांभाळावा लागतो. आपल्याकडे डाळ शिजल्याशिवाय आमटीत चिंच किंवा आमसूल पडत नाही. चिलीलाही हाच नियम लावायचा. बटाटा, राजमा, कांदा यांच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा घटक असतो. तो विरघळला की भाजी मऊ होते, आणि आंबट रसात तो लवकर विरघळत नाही. म्हणून जे जे मऊ व्हायला हवं, ते टोमॅटो पडायच्या आधी शिजलेलं असावं. चिली बिघडण्याची बरीच कारणं इथेच सापडतात.

सहा माणसांसाठी लागेल: १ वाटी राजमा, ५०० ग्रॅम खिमा, ३ मध्यम बटाटे, २ मोठे कांदे, १ ढोबळी मिरची, ७-८ लसूण पाकळ्या, ४ पिकलेले टोमॅटो, ३ टेबलस्पून तेल, २ टीस्पून जिरेपूड, १ टीस्पून ओरेगानो आणि मीठ. मिरच्यांचं पुढे सांगते. टेक्सासमध्ये खिमा गोमांसाचा असतो. मटणाचा किंवा चिकनचा घेतला तरी चालतो, चिकनचा मात्र लवकर शिजतो. मांस खात नसाल तर राजमा दुप्पट घ्या आणि त्यातला मूठभर ठेचून घाला, म्हणजे रस्सा पाणचट होणार नाही.

आदल्या रात्री राजमा भरपूर पाण्यात भिजत घाला आणि त्यात चमचाभर मीठ टाका. मिठाने कडधान्य कडक होतं असं आपण ऐकत आलो आहोत, पण भिजवणाच्या पाण्यातल्या मिठाने राजम्याची सालं उलट मऊ पडतात. कडक करतं ते आंबट आणि जड पाणी. बोअरवेलच्या पाण्यात राजमा तासन् तास शिजत नसेल तर पिण्याचं गाळलेलं पाणी घ्या, किंवा शिजवताना चिमूटभर खायचा सोडा टाका. चिमूटभरच, जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

सकाळी भिजवणाचं पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात राजमा कुकरला लावा आणि दाणा बोटचेपा होईपर्यंत शिजवा. पाच-सहा शिट्ट्या पुरतात, जुना राजमा जास्त घेतो. कुकर नसेल तर पातेल्यात निदान अर्धा तास खळखळ उकळू द्या आणि मग आच कमी करून मऊ करा. हे नुसतं चवीसाठी नाही. कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन जातीचं एक प्रथिन असतं. ते पोटात गेलं तर काही तासांतच मळमळ, उलट्या, जुलाब सुरू होतात. खळखळत्या उकळीने ते नष्ट होतं, कोमट आचेने नाही. अमेरिकेत स्लो कुकर, म्हणजे विजेवर आठ-आठ तास मंद शिजवणारं भांडं, बऱ्याच घरांत असतं. त्यात कच्चा राजमा थेट टाकू नका. आधी वेगळा उकळून घ्या, मग हवं तर त्या भांड्यात घाला. डबाबंद राजमा शिजलेलाच असतो, तो धुऊन वापरला की झालं.

आता मिरच्या. अमेरिकी पुस्तकात ‘तीन टेबलस्पून चिली पावडर’ असं वाचून आपल्या डब्यातलं लाल तिखट तेवढं घातलं तर पातेलं फेकून द्यावं लागेल. तिकडची चिली पावडर म्हणजे सौम्य मिरची, जिरं, ओरेगानो आणि लसूण यांचं मिश्रण. टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्स इथे विल्यम गेबहार्ट या जर्मन गृहस्थाने १८९० च्या दशकात ती विकायला काढली, आणि मिरच्या वाटायचा खटाटोप वाचल्यामुळे चिली कुणालाही करता येऊ लागली.

आपल्याकडे याला सरळ पर्याय ब्याडगी. रंग गडद, तिखटपणा बेताचा. सात-आठ ब्याडगी मिरच्यांचे देठ आणि बिया काढा आणि मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी शेका. मिरची किंचित फुगते, मऊ पडते आणि तिचा गोडसर वास सुटतो, त्या क्षणी तवा खाली उतरवा. काळा डाग पडला तर ती मिरची बाजूला काढा, एकीचा कडूपणाही सगळ्या वाटणाला लागतो. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून, अर्धा लसूण घालून गंधासारखं बारीक वाटा. झणका हवा असेल तर एखाद-दोन लवंगी मिरच्या त्यातच वाटा. अमेरिकेत असाल तर मेक्सिकन दुकानात अँचो नावाची सुकी मिरची मागा, ती गोडसर आणि सौम्य असते. चिपोत्ले म्हणजे धुरावर सुकवलेली हालापेन्यो मिरची. ती एकच घाला, धुराचा वास जोरकस असतो.

जाड बुडाचं पातेलं चांगलं तापवा, एक चमचा तेल घाला आणि खिमा पसरून टाका. टाकून लगेच ढवळू नका. सुरुवातीला चर्र आवाज येतो. खिम्याला पाणी सुटलं की तो बसतो आणि खदखद सुरू होते. पाणी आटून पुन्हा चर्र ऐकू आलं की समजा, आता खालची बाजू तपकिरी होते आहे. चिलीची निम्मी चव या तपकिरी थरात असते. सगळा खिमा एकदम कोंबला तर पाणी आटायच्या आत तो उकडून करडा आणि रबरी होतो. म्हणून दोन घाण्यांत परता. फ्रीजमधला असेल तर आधी कागदाने टिपून घ्या.

खिमा काढून ठेवा. त्याच पातेल्यात उरलेलं तेल घालून चिरलेला कांदा आणि ढोबळी मिरची टाका. कांद्याच्या ओलाव्याने तळाशी चिकटलेला खरपूस थर सुटतो, तो उलथन्याने खरवडून घ्या. कांदा पुरता मऊ होऊन कडेने तांबूस व्हायला दहा-बारा मिनिटं लागतात. ही मिनिटं वाचवू नका. कांदा कच्चट राहिला आणि वर टोमॅटो पडला, तर तो शेवटपर्यंत दाताखाली येतो.

उरलेला लसूण ठेचून टाका. आच कमी करा आणि वाटण, जिरेपूड, ओरेगानो घाला. कडेने तेल सुटेपर्यंत परता. मराठी घरात हे शिकवावं लागत नाही. सुकी पावडर वापरत असाल तर मात्र अर्ध्या मिनिटात पाण्याचा हबका मारा, पावडर ओल्या वाटणापेक्षा फार लवकर जळते.

खिमा परत पातेल्यात घाला, ३ ते ४ वाट्या गरम पाणी किंवा मटणाचं सूप ओता, मीठ घाला आणि झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर शिजू द्या. चिकनच्या खिम्याला वीस मिनिटं पुरे, मटणाला पाऊण तास द्या. खिम्याऐवजी मांसाचे तुकडे घेतले असतील तर दीड-दोन तासही लागतात. उकळी मोठी नको, कडेला एखाद-दुसरा बुडबुडा येत राहील एवढीच आच. मोठ्या उकळीत मांस आक्रसून कोरडं होतं.

मांस मऊ झालं की बटाट्याची पाळी. अमेरिकेत रसेट जातीचा बटाटा पिठूळ असतो, त्याच्या कडा विरघळून रस्सा दाट होतो. लाल सालीचा किंवा युकॉन गोल्ड फोडीचा आकार धरतो. आपल्या बाजारात जुना बटाटा पिठूळपणाकडे झुकतो आणि पातळ सालीचा नवा बटाटा आकार राखतो. दोन नवे आणि एक जुना घेतलात तर दाटपणाही मिळेल आणि फोडीही दिसतील. फोडी साधारण दोन सेंटिमीटरच्या, आणि मुख्य म्हणजे सारख्या हव्यात. लहानमोठ्या असल्या तर निम्म्या कच्च्या राहतात आणि निम्म्यांचा लगदा होतो. पंधरा-वीस मिनिटांनी मोठी फोड सुरीने टोचून पाहा. सुरी सहज आरपार गेली, तरच पुढे जा.

त्यानंतर राजमा, त्याचं थोडं पाणी आणि टोमॅटो घाला. टोमॅटो आधी दुसऱ्या कढईत चमचाभर तेलावर परतून, पाणी आटवून घेतलेला असू द्या. नाहीतर शेवटच्या थोड्या वेळात त्याचा कच्चा वास जात नाही. सगळं एकत्र वीस मिनिटं शिजलं की चिली मिळून येते. टोमॅटो आधीच पडून गेला असेल आणि बटाटे मऊ व्हायचं नाव घेत नसतील, तरी घाबरू नका. जास्तीचं गरम पाणी घालून, झाकण लावून शिजवत राहा. वेळ बराच लागेल, पण बटाटा शिजेल.

रस्सा पातळ वाटला तर चार-पाच फोडी पातेल्याच्या कडेला दाबून मोडा. तेवढ्यानेही भागलं नाही तर टेबलस्पूनभर मक्याचं पीठ पाण्यात कालवून घाला आणि दहा मिनिटं शिजवा. टेक्सासमध्ये यासाठी मासा हरिना वापरतात, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर या नावाने मिळणारी पांढरी पावडर हा मक्याचा नुसता स्टार्च आहे. त्याने रस्सा चकचकीत आणि बुळबुळीत होतो.

शेवटी चव बघा. कडवटपणा जाणवला तर गुळाचा छोटा खडा, सपक वाटलं तर आधी मीठ आणि मग लिंबू. मीठ सगळ्यात शेवटी पुन्हा पाहायचं, कारण बटाटा शिजताना बरंच मीठ ओढून घेतो.

वाढताना वर बारीक कांदा, कोथिंबीर, किसलेलं चीज आणि आंबट क्रीम घालतात. घट्ट दही फेटून घेतलं की क्रीमची उणीव भासत नाही. बरोबर तिकडे मक्याचा ब्रेड असतो. मक्याची किंवा ज्वारीची भाकरी कुस्करून घातली तर मला ती त्याहून आवडते.

चिली दुसऱ्या दिवशी जास्त मुरते, पण रात्रभर ओट्यावर ठेवू नका. पसरट भांड्यांत काढून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस चांगली राहते. गरम करताना आधी थोडं पाणी घाला, बटाट्याने रस्सा शोषलेला असतो आणि तळ पटकन लागतो. फ्रीझरमध्ये ठेवायची असेल तर बटाटे घालण्याआधीच तेवढा भाग वेगळा काढा आणि त्यात राजमा-टोमॅटो घालून पुरा करा. गोठलेला बटाटा वितळताना पाणी सोडतो आणि रवाळ, स्पंजासारखा होतो. खायच्या दिवशी ताजे बटाटे मिठाच्या पाण्यात उकडा आणि गरम चिलीत घालून पाच मिनिटं शिजवा.