'कन्सिडर', 'प्रिझ्युम' की 'डीम'? इंग्रजी कागदावरचा शब्द समजून घ्या, मगच सही करा

वसई : बँकेचा मेसेज, सोसायटीची नोटीस, जमिनीचा दस्त... वसई-विरार पट्ट्यात असे अनेक कागद इंग्रजीतच हातात पडतात. त्यात 'विचार करणे', 'मानणे' अशा अर्थाचे शब्द हमखास असतात. वरवर सगळे सारखेच वाटतात, पण प्रत्येकाचं वजन वेगळं आहे.

कन्सिडर : विचारात घेणे. अर्ज 'अंडर कन्सिडरेशन' आहे म्हणजे तो मंजूर झाला असं नाही. नकारही येऊ शकतो. लेखी मंजुरी हातात येईपर्यंत त्या भरवशावर पैसे गुंतवू नका. खरेदीखतात मात्र 'कन्सिडरेशन' म्हणजे मोबदला, ठरलेली किंमत. तिथला आकडा नीट तपासा.

असूम : पुरावा न बघता धरून चालणे. 'सातबारा माझ्या नावावर आहे, आता कुणी काही करू शकत नाही' हे झालं असूम करणं.

प्रिझ्युम : उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरणे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ मध्ये हेच आहे. सातबाऱ्यासारख्या हक्काच्या अभिलेखातली नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीर नवी नोंद होईपर्यंत. म्हणजे चुकीची नोंद लागली, तर ती चूक आहे हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून फेरफाराची नोटीस आली की मुदतीतच हरकत घ्या.

डीम : एखादी गोष्ट प्रत्यक्ष घडली नसली, तरी कायद्याने ती घडली असं मानणे. 'डीम्ड कन्व्हेयन्स'ला सरकारी मराठीत 'मानीव अभिहस्तांतरण' म्हणतात. करारात वेगळी मुदत नसेल, तर सोसायटीची नोंदणी झाल्यापासून ४ महिन्यांत बिल्डरने जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. त्याने टाळलं, तर मोफा कायदा, १९६३ नुसार सोसायटी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. बिल्डरची सही नसली तरी हस्तांतरण झालं असं मानलं जातं. पण 'मानीव' म्हणजे आपोआप नव्हे! अर्ज, सुनावणी, आदेश आणि दस्तनोंदणी हे सगळं करावंच लागतं. नुसतं बसून राहिल्यास जमीन बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर राहते.

बिलीव्ह : खरं आहे अशी समजूत असणे. प्रतिज्ञापत्राच्या शेवटी 'माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे' असं असतं. माहिती वेगळी, समजूत वेगळी. ऐकीव गोष्ट स्वतःची माहिती म्हणून लिहून दिली, तर अंगाशी येऊ शकते.

पुढच्या वेळी इंग्रजी कागद समोर आला, की अशा शब्दावर बोट ठेवून सरळ विचारा : 'हे ठरलंय, धरलंय, की नुसता विचार चाललाय?' उत्तर मिळाल्यावरच सही करा.