संग्रहालयात उजेड कमी का असतो?

वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तू जपून ठेवतात. तलवारी, नाणी, चित्रे, पोथ्या, जुने कपडे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी उघडले. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. पुष्कळ संग्रहालयांत जुन्या कपड्यांच्या आणि चित्रांच्या दालनात उजेड फार कमी ठेवतात. लोकांना वाटते, विजेची बचत चालली आहे. पण तसे नाही. जुन्या वस्तूंना तीन शत्रू आहेत. उजेड, उष्णता आणि दमट हवा.

पहिला शत्रू उजेड. उजेडाने रंग उडतो. उन्हात अतिनील किरण असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण रंगाचे फार नुकसान करतात. आपण उन्हात काळवंडलो तर पुन्हा उजळतो. चित्राचा उडालेला रंग मात्र परत येत नाही. तो रोज थोडा थोडा उडतो, म्हणून लवकर कळतच नाही. उजेड लक्समध्ये मोजतात. भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. नाजूक कापड आणि जुनी कागदावरची चित्रे यांच्यासाठी फक्त ५० लक्सच्या आसपास ठेवतात.

दुसरा शत्रू उष्णता. उष्णतेने कागद लवकर पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. मग पान उलटले की तुकडाच हातात येतो.

तिसरा शत्रू दमट हवा. तिने कागदाला बुरशी लागते, लोखंड गंजते. पावसाळ्यात आपल्या घराचे दार फुगते आणि नीट लागत नाही. उन्हाळ्यात ते आकसते. रंगवलेली जुनी लाकडी वस्तूही अशीच फुगते, आकसते आणि तिच्या रंगाचे पापुद्रे निघतात. म्हणून हवा एकदम बदलू देत नाहीत. काचेच्या कपाटात सिलिका जेलचे खडे ठेवतात. ते हवेतला ओलावा शोषून घेतात.

अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रे शेकडो वर्षे अंधारात राहिली. तिथे फ्लॅश मारून फोटो काढायला मनाई आहे. पुष्कळ माणसे एकदम आत गेली तर त्यांच्या श्वासानेच हवा दमट होते. म्हणून गर्दी होऊ देत नाहीत.

आपली जुनी माणसे पोथी बासनात बांधून ठेवायची. त्यामुळे तिला उजेड आणि धूळ लागत नसे. आजीचे जुने रेशमी लुगडे असेल तर ते कडक उन्हात टाकू नका. सावलीत हवा द्या. जुने फोटो चुलीजवळच्या किंवा ओल आलेल्या भिंतीवर लावू नका.

आता आपल्या व्हरांड्यातला महाराष्ट्राचा नकाशा बघा. त्याच्यावर दुपारी ऊन येते. अरबी समुद्र पांढरा पडला आहे. खालच्या पट्टीला गुंडाळलेला कागद उलगडला तर तिथे समुद्र अजून निळा आहे! रत्नागिरीचे नाव जवळ गेल्याशिवाय वाचता येत नाही. आमची चौथी आता संपेल, पण पहिलीतली मुले अजून चौथीत यायची आहेत. त्यांना नकाशा वाचता यायला पाहिजे. म्हणून गुरुजींना विनंती आहे, की नकाशा आतल्या भिंतीवर लावावा. खिळा ठोकायला आम्ही मदत करू.

— इयत्ता ४ थी